गुजरातचा गेंडा, न्यूरेंबर्गचा ठसा

बडोद्याहून पावागडच्या रस्त्याला लागले की तासाभरात चांपानेरच्या तटबंदीचे अवशेष दिसू लागतात. २००४ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा मान दिला आणि तेव्हापासून आपल्याकडे आलेल्या पाहुण्यांना तेथे नेण्याचा प्रघातच पडून गेला आहे. मशिदींची नक्षी, वाव, पावागडावरचे कालिकामातेचे देऊळ हे सारे आपण त्यांना हौसेने दाखवतो. परंतु हे नगर ज्या सल्तनतीची राजधानी होते तिच्या दरबारातून निघालेल्या एका जनावराचे चित्र जगाच्या छापचित्रकलेतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध प्राणिचित्र ठरले, ही हकीकत फारशी कोणाला ठाऊक नसते. ती सांगण्याजोगी आहे, आणि आम्हां डॉक्टरमंडळींनी तर ती अवश्य ऐकण्याजोगी आहे.

१५१० साली गोवा जिंकलेल्या अफोन्सो द अल्बुकर्कची नजर पुढे दीवकडे वळली. तेथे किल्ला बांधण्याची परवानगी मागण्यासाठी त्याने १५१४ च्या आरंभी गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याच्याकडे आपले वकील धाडले. मुझफ्फरशहा हा महमूद बेगड्याचा मुलगा. त्याने परवानगी काही दिली नाही, पण रिवाजाप्रमाणे नजराण्यांची देवघेव झाली आणि त्यात अल्बुकर्कच्या पदरात एक जिवंत गेंडा पडला. नकाराबरोबर एवढा वजनदार नजराणा पाठविणाऱ्या सुलतानाच्या विनोदबुद्धीचे मला नेहमी कौतुक वाटते. गोव्यात या प्राण्याचे करायचे काय, हा प्रश्न अल्बुकर्कने सोयीस्करपणे पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्याकडे सोपविला. जानेवारी १५१५ मध्ये ओसेम नावाच्या हिंदी रखवालदारासह हा गेंडा गोव्याहून जहाजाने निघाला आणि मोझांबिक, सेंट हेलेना, अझोर बेटे असे मुक्काम घेत २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. पोर्तुगीजांनी त्याचे नाव आपल्याच शब्दावरून ‘गांडा’ असे ठेवले होते.

रोमन साम्राज्याच्या अस्तानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. प्लिनीच्या ग्रंथात त्याचे वर्णन होते. हत्ती आणि गेंडा हे जन्माचे वैरी आहेत असेही त्यात लिहिलेले होते. राजा मॅन्युएलने त्याची परीक्षा पाहायचे ठरविले. ३ जून रोजी दरबारी मंडळींसमोर एका तरुण हत्तीची आणि गेंड्याची गाठ घालून देण्यात आली. गेंडा संथपणे पुढे सरकला. हत्ती गर्दीच्या गलक्याने बिथरला म्हणा, गेंड्याला भ्याला म्हणा, पण पळत सुटला. प्लिनीचे म्हणणे खरे ठरले असे सर्वांनी ठरवून टाकले. एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढण्याची सवय तशी जुनीच आहे.

लिस्बनमध्ये राहणाऱ्या व्हालेंटिम फर्नांडिस नावाच्या मुद्रकाने या प्राण्याचे वर्णन करणारे पत्र जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या मित्रांना पाठविले. कोणा अनामिक हाताने काढलेले एक रेखाटनही तिकडे पोहोचले. न्यूरेंबर्गमध्ये त्या वेळी आल्ब्रेख्त ड्यूरर हा विख्यात चित्रकार राहत होता. त्याने गेंडा कधी पाहिला नाही, पुढेही त्याला तो पाहायला मिळाला नाही. हाताशी आलेल्या मजकुरावरून त्याने आधी शाईचे एक रेखाचित्र केले, जे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि मग त्यावरून लाकडाचा ठसा कोरवून घेतला.

ठशाची ही पद्धत थोडी समजावून सांगायला हवी. लाकडाच्या सपाट फळीवर चित्र काढायचे आणि जेथे कागद कोरा राहायला हवा तेवढा भाग कोरून काढून टाकायचा. रेषा तेवढ्या उंच उरतात. त्यांच्यावर शाई फिरवून कागद दाबला की चित्र उमटते, पण उलटे, म्हणजे उजवीकडचे डावीकडे. आरशात पाहून शस्त्रक्रिया करण्यासारखेच हे काम. ड्यूररची केसासारखी बारीक रेषा दोन्ही बाजूंनी लाकूड काढून उभी ठेवणे हे कसबी कोरक्याचेच काम होते. या पद्धतीचा मोठा लाभ असा की उंच रेषा आणि छपाईच्या खिळ्यांतील अक्षरे एकाच उंचीची असतात. चित्र आणि मजकूर एकाच दाबात, एकाच कागदावर छापता येतो. ड्यूररच्या गेंड्याच्या डोक्यावर म्हणूनच जर्मन भाषेतील माहितीचा मजकूर आहे. त्यात प्राणी आल्याचे साल १५१३ असे चुकीचे पडले आहे. प्राण्याचा रंग ठिपकेदार कासवासारखा असून अंगावर जाड कवचे आहेत, तो चपळ आणि धूर्त आहे, असे वर्णन त्यात आहे.

चित्रही वर्णनाला साजेसेच आहे. गेंड्याच्या अंगावर चिलखताच्या पत्र्यांसारखी कवचे बसविलेली आहेत, त्यांच्या कडांना जणू खिळे मारले आहेत, पायांवर खवले आहेत आणि मानेच्या मागे, खांद्यांच्या मधोमध, एक छोटेसे पिळदार दुसरे शिंग आहे. हे शिंग कोणत्याही गेंड्याला नसते. आपल्या भारतीय गेंड्याला नाकावरचे एकच शिंग असते. कातडीच्या मोठमोठ्या घड्यांमुळे कवचाचा भास होतो आणि खांद्यांवर व मांड्यांवर गाठींसारखे उंचवटे असतात. काही अभ्यासकांना ड्यूररच्या त्या खवल्यांत निराळेच काही दिसले आहे. चार महिने जहाजाच्या कोंदट जागेत जखडून ठेवल्यामुळे जनावराला त्वचारोग जडला असावा आणि लिस्बनमधल्या रेखाटनात तोच उतरला असावा, असा त्यांचा तर्क आहे. तर्क सिद्ध करण्याचा मार्ग आता उरलेला नाही, पण आमच्या त्वचारोगतज्ज्ञ मित्रांनी त्या चित्राकडे एकवार त्या दृष्टीने जरूर पाहावे.

रोग्याला न पाहता, केवळ चिठ्ठीवरून निदान करण्याचा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकावर कधी ना कधी येतो. फोनवर वर्णन ऐकायचे, मनातल्या मनात पुस्तकातले पान उघडायचे आणि राहिलेल्या जागा त्या पानावरून भरून काढायच्या. ड्यूररने हेच केले. पत्रात कवच म्हटले होते; चिलखते घडविण्यासाठी नाव कमावलेल्या न्यूरेंबर्गच्या चित्रकाराला लोहाराच्या दुकानातले चिलखत आठवले असेल, तर त्यात नवल नाही. त्याच सुमारास आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही याच गेंड्याचा ठसा केला. त्यालाही प्राणी प्रत्यक्ष पाहायला मिळाला नव्हता. पण त्याचा गेंडा साधा आहे, कातडी कातडीसारखी आहे, पाठीवर शिंग नाही, आणि पुढच्या पायांत दोरखंडाचे बंधन आहे. ते बंधन मला फार महत्त्वाचे वाटते. ड्यूररचा गेंडा एखाद्या अजिंक्य योद्ध्यासारखा मोकळा उभा आहे. बुर्कमायरचा गेंडा कैदी आहे. खरा गेंडा कैदीच होता.

त्या कैद्याची अखेरही सांगून टाकतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॅन्युएलने तो पोप दहावा लिओ याला भेट म्हणून रवाना केला. गळ्यात हिरव्या मखमलीचा, फुलांनी सजविलेला पट्टा बांधला होता. वाटेत मार्सेयजवळच्या बेटावर फ्रान्सच्या राजाने त्याला पाहिले. पुढे इटलीच्या किनाऱ्यालगत पोर्टो व्हेनेरेजवळ जहाज वादळात सापडून बुडाले. गेंडा पोहण्यात पटाईत असतो. ब्रह्मपुत्रेच्या पुरात तो सहज पोहतो. पण हा डेकवर साखळदंडांनी जखडलेला होता. ज्याने त्याला गोव्याहून धाडले तो अल्बुकर्कही आधीच, १६ डिसेंबर १५१५ रोजी, गोव्याच्या बंदराशी जहाजावरच वारला होता. पोपच्या पदरी यापूर्वी मॅन्युएलनेच पाठविलेला हन्नो नावाचा पांढरा हत्ती होता. तो जून १५१६ मध्ये गेला. आजारी हत्तीला वैद्यांनी सोने मिसळलेले जुलाबाचे औषध दिले होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

जनावर गेले, चित्र राहिले. ड्यूररच्या हयातीतच या ठशाच्या चार ते पाच हजार प्रती विकल्या गेल्या असाव्यात असा अंदाज आहे. त्याच्या मृत्यूनंतरही तोच लाकडी ठोकळा हातोहात फिरत राहिला. १६२० च्या सुमारास विलेम यान्सेन याने हॉलंडमध्ये त्यावरून पुन्हा प्रती काढल्या, तेव्हा लाकडाला कीड लागून भोके पडली होती आणि पायांमधून आरपार चीर गेली होती. दुसऱ्या ठोकळ्याने करड्या रंगाची छटा छापून त्याने ही म्हातारपणाची लक्षणे झाकण्याचा प्रयत्न केला. बुर्कमायरच्या खऱ्याच्या जवळ जाणाऱ्या ठशाची मात्र आज एकुलती एक प्रत व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात शिल्लक आहे.

चुकीचे चित्र का जिंकले? एक कारण ड्यूररची ताकद. त्याच्या गेंड्याला वजन आहे, त्याचा डोळा थकलेला आणि जिवंत आहे. पाहणाऱ्याला शंका घ्यावीशी वाटतच नाही. दुसरे कारण आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. झुरिकचा कोनराड गेस्नर हा पेशाने वैद्य. १५५१ साली त्याने आपल्या प्रचंड प्राणिग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि गेंड्यासाठी ड्यूररचेच चित्र घेतले. गेस्नर मोठा प्रामाणिक विद्वान होता. चित्र कोणाचे हेही त्याने नमूद केले. पण वैद्याच्या ग्रंथात छापले गेल्यावर ते चित्र केवळ चित्र राहिले नाही, प्रमाण झाले. एका ग्रंथावरून दुसऱ्यात, दुसऱ्यावरून तिसऱ्यात असे करत पाठीवरचे ते शिंग सुमारे दोनशे वर्षे युरोपच्या पुस्तकांतून टिकून राहिले. एका पाठ्यपुस्तकातील चूक पुढच्या दहा पुस्तकांत कशी जाते हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

यात ड्यूररवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. हा मनुष्य न पाहता रंगविणाऱ्यांपैकी नव्हता. १५०२ साली त्याने रंगविलेला ससा पाहावा. त्याच्या अंगावरची लव कोठे कोणत्या दिशेला वळली आहे ते मोजून घ्यावे. १५२० च्या हिवाळ्यात तो नेदरलँड्सच्या प्रवासात असताना झीलंडच्या किनाऱ्याला प्रचंड देवमासा लागल्याची बातमी आली. ड्यूरर थंडीवाऱ्यात होडीने तिकडे निघाला. पोहोचेपर्यंत भरतीने देवमासा परत नेला होता. या प्रवासानंतर त्याला विचित्र ताप जडला, आणि तो हिवताप असावा असे अनेकांचे मत आहे. जर्मनीतील ब्रेमेनच्या संग्रहात ड्यूररचे एक छोटे स्वचित्र आहे. उघड्या अंगाने तो उभा आहे, डाव्या कुशीवर एक पिवळसर डाग काढला आहे आणि बोट तेथे टेकले आहे. येथे दुखते, असे वर लिहिले आहे. हे चित्र त्याने बहुधा दूरच्या वैद्याला दाखविण्यासाठी काढले असावे. त्याचा नेमका काळ वादाचा आहे, म्हणून देवमाशाशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही. पण बोट ठेवलेली जागा पाहून कोणत्याही डॉक्टरच्या मनात प्लीहेचा विचार आल्यावाचून राहात नाही. इतकी नेटकी तक्रार घेऊन येणारे रोगी आपल्या वाट्याला क्वचितच येतात.

आणि गेंडा ज्यांनी रोज पाहिला त्यांनी काढलेला ठसा कसा असतो? त्यासाठी ड्यूररच्या साडेतीन-चार हजार वर्षे मागे जावे लागते. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा कोरलेला आढळतो. मऊ दगडाच्या दोन बोटे रुंदीच्या चौकोनात उलटे कोरायचे आणि ओल्या मातीवर सुलटे उमटवायचे, तत्त्व ठशाचेच. त्या इवल्याशा गेंड्याच्या खांद्यावरची घडी, अंगावरचे उंचवटे आणि नाकावरचे एकच शिंग सारे जागच्या जागी आहे. आज ज्या प्रांतांत गेंड्याचे नाव निघाले तर लोक हसतील, तेथे तो एकेकाळी होता. आपल्या गुजरातेतच, मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया यांनी उत्खनन केले. इरावती कर्वेही त्या कामात सहभागी होत्या. तेथे अश्मयुगीन माणसांच्या सांगाड्यांबरोबर गेंड्याच्या खांद्याचे एक रुंद हाड मिळाले. त्यावरील खड्डे पाहता ते ऐरणीसारखे वापरले गेले असावे. आज गेंडा पाहायचा तर आसामला जावे लागते. २०२२ च्या गणनेत एकट्या काझीरंगात २,६१३ गेंडे मोजले गेले.

युरोपच्या पाठीवरचे ते खोटे शिंग अखेर उतरविले तेही हिंदुस्थानातून गेलेल्या गेंड्यानेच, आणि त्यात वैद्यकाचा वाटा होता. क्लारा नावाची गेंड्याची अनाथ मादी बंगालमधील डच वखारीच्या प्रमुखाच्या घरी माणसाळली होती. एका डच कप्तानाने ती विकत घेऊन १७४१ साली रॉटरडॅमला उतरविली आणि पुढे सतरा वर्षे युरोपभर तिचे खेळ केले. लायडन विद्यापीठात त्या वेळी बर्नहार्ड सीगफ्रीड अल्बिनस शरीररचनाशास्त्र शिकवीत होता. मानवी अस्थी आणि स्नायूंचा त्याचा चित्रसंग्रह १७४७ साली प्रसिद्ध झाला. यान व्हांडेलार या चित्रकाराने तांब्याच्या पत्र्यांवर ही चित्रे कोरली. सांगाड्यासमोर दोऱ्यांच्या चौकटींची जाळी टांगून, एकेक चौकट कागदावर उतरवून प्रमाण साधण्याची काळजी त्या दोघांनी घेतली होती. त्यांपैकी दोन चित्रांत सांगाड्याच्या मागे, हिरवळीवर, क्लारा चरते आहे. शवविच्छेदनाच्या चित्रात हा थिल्लरपणा कशाला, अशी टीका झाली. प्राणी दुर्मीळ आहे आणि इतर कोणत्याही सजावटीपेक्षा तो पाहायला बरा वाटतो, असे अल्बिनसचे म्हणणे होते. प्रत्यक्ष पाहून काढलेल्या या गेंड्याच्या पाठीवर शिंग नाही. ज्या व्यवसायाने एक चूक प्रमाण केली, त्यानेच ती दुरुस्तही केली, असे आपण थोड्या अभिमानाने म्हणायला हरकत नाही.

तांब्याच्या पत्र्यावर अल्बिनसच्या चित्रांसारखी नाजूक रेषा मिळते, पण ती रेषा खोलगट असते. शाई खाचेत भरावी लागते आणि म्हणून अक्षरांबरोबर एका दाबात छापता येत नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडील थॉमस ब्यूइक याने त्यावर तोड काढली ती लाकूड आडवे न घेता उभ्या खोडाचा काप घेऊन. बॉक्सवुड नावाच्या अतिशय सावकाश वाढणाऱ्या झाडाचा हा काप हाडासारखा कठीण असतो. त्यावर तांब्यासारखीच कोरणी चालविता येते. त्याचे चतुष्पाद प्राण्यांचे पुस्तक १७९० चे आणि ब्रिटिश पक्ष्यांचे दोन खंड १७९७ व १८०४ चे. ब्यूइकने गावात पाहिलेले कुत्रे, बैल, चिमण्या अगदी श्वास घेणाऱ्या वाटतात. परदेशचे प्राणी त्याने इतरांच्या पुस्तकांवरून घेतले आणि ते लगेच ओळखू येतात. त्यांच्यात जीव नाही. आपल्या अंगठ्याचा ठसा लाकडात कोरून तोही त्याने चित्रांतून वापरला, हा मला त्याचा सर्वांत आवडता विनोद.

आपल्या घरांत प्राण्यांची छापील चित्रे आली ती निराळ्या वाटेने. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातली सरस्वती कित्येक बडोदेकर मराठी घरांतल्या माजघरात होती, आणि तिच्याबरोबर मोरही होता. पण कलावंताने स्वतः कोरून, स्वतः शाई भरून काढलेले छापचित्र बडोद्यात रुजले ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागामुळे. १९५० मध्ये हा विभाग सुरू झाला. मूळचे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे यांनी येथे चित्रकलेची धुरा वाहिली. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी ज्योती भट्ट हे नाव बडोद्यात वेगळे सांगायला नको. १९३४ साली भावनगरला जन्मलेल्या ज्योतीभाईंनी इटलीत नेपल्सला आणि पुढे न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण घेतले, आणि तेथून ते धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा चरविण्याचे तंत्र घेऊन परतले. पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने त्यात रेघ ओढायची, पत्रा आम्लात ठेवायचा. जेथे धातू उघडा तेथे आम्ल खाते. किती वेळ ठेवायचे हे सारे अनुभवाचे. मिनिटभर जास्त झाले की नाजूक रेघ बोथट होते. मग खाचांत शाई भरून वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद जड रुळांखालून पत्र्यासह फिरवायचा.

ज्योतीभाईंच्या छापचित्रांतला मोर आणि पोपट रानातून थेट आलेला नाही. १९६७ नंतर कॅमेरा घेऊन ते गुजरात-राजस्थानची खेडी हिंडले. मातीच्या भिंतींवरची चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या, बायकांच्या हातांवरचे गोंदण यांची छायाचित्रे त्यांनी वर्षानुवर्षे घेतली. ते मोर आणि पोपट पुढे पत्र्यावर उतरले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोंदणाचा मोर आपण सर्वांनी तपासणीच्या टेबलावर पाहिलेला आहे. रक्तदाबाचा पट्टा गुंडाळताना कोपराखाली एखादा विंचू किंवा मोर दिसतो. सुईने खाच करून तीत रंग भरायचा, ही रीत पत्र्यावरची आणि कातडीवरची एकच आहे. फरक इतकाच की कातडीवरच्या चित्राची दुसरी प्रत निघत नाही.

पत्र्यावरच्या चित्राच्या प्रतीही आता मोजूनच काढतात. समजा पंचवीस काढायच्या ठरल्या, तर प्रत्येक कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलीने क्रमांक घालतात, एक पंचविसांश, दोन पंचविसांश, आणि शेजारी चित्रकाराची सही. पंचविसावी प्रत निघाली की पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो कायमचा बाद करतात. ड्यूररच्या काळी ही रीत नव्हती. म्हणून तर चिरफळलेल्या, किडलेल्या लाकडावरून त्या बुडालेल्या गेंड्याच्या प्रती शंभर वर्षांनंतरही निघत राहिल्या.